होल्डर आमचा, स्टिअरिंग कंपनीचं: एका वॉरंटी दाव्याची हकिगत

सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवरची ओळ एवढीच होती: ‘बाहेरून इलेक्ट्रिकल फिटिंग आढळले, वॉरंटी रद्द.’ खाली सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरची सही, शिक्का आणि ५४,३०० रुपयांचं एस्टिमेट. गुरुजींनी फोटो काढून मला पाठवला आणि लगेच फोन केला. “दादा, स्टिअरिंग दगडासारखं झालंय. आणि हे म्हणतात, तुम्ही हेडलाइटला बाहेरचे बल्ब टाकलेत, आता काहीच मिळणार नाही.”

गुरुजी म्हणजे माझा आतेभाऊ. विट्याजवळच्या एका शाळेत शिकवतो, म्हणून घरात लहानथोर सगळे त्याला गुरुजीच म्हणतात. मी विमा कंपन्यांसाठी गाड्यांचे सर्व्हे करतो. काय मोडलं, कशानं मोडलं आणि त्यातलं अपघातानं किती, हे वेगळं काढणं हाच माझा धंदा. त्यामुळे मी पहिलं एवढंच विचारलं, “बल्बामुळे स्टिअरिंग गेलं, हे कोणी दाखवलं का?”

“दाखवलं कुठं? लिहिलंय फक्त.”

पुढचे सात आठवडे आम्ही या ‘फक्त लिहिलंय’शी भांडत होतो.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, ऑक्टोबर २०२२ ची, रस्त्यावर येईपर्यंत साधारण ९ लाखांची. वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. बिघाड झाला जानेवारी २०२५ मध्ये, ३८ हजार किलोमीटरवर. म्हणजे दोन्ही हिशोबांनी गाडी वॉरंटीत. शिवाय गुरुजींच्या सगळ्या सर्व्हिस अधिकृत ठिकाणी, वेळेवर झालेल्या आणि प्रत्येकीचं बिल फाइलला लावलेलं. शिक्षकी सवय आहे ती, पण पुढं तिचा फार उपयोग झाला. सर्व्हिस चुकलेली असती तर कंपनीला बल्बाचं कारण शोधायची गरजच पडली नसती.

आता बाहेरून काय काय बसवलं होतं ते सांगतो. यात गुरुजींची चूकही आहे आणि ती लपवून हे प्रकरण कळणार नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गळीत हंगाम सुरू झाला. संध्याकाळी शाळेतून परतताना रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, एकामागं दुसरी जोडलेली, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. एकदा अगदी थोडक्यात वाचले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कंपनीचे ६०/५५ वॅटचे बल्ब काढून १००/९० वॅटचे टाकून घेतले. जुन्याच होल्डरमध्ये दाबले. जादा करंट पेलणारी वेगळी रिले नाही, जाड वायर नाही, आणि नऊशे रुपयांचं बिलही नाही. चार महिन्यांनी दुसऱ्या, जरा बऱ्या दुकानातून टचस्क्रीन आणि रिव्हर्स कॅमेरा बसवला. स्टिअरिंगवरची आवाजाची बटणं चालावीत म्हणून स्क्रीनच्या वायरी त्या बटणांच्या जोडणीला लावल्या. या दुकानानं मात्र जीएसटीचं बिल दिलं आणि त्यावर ‘कपलरसह, मूळ वायर न कापता’ असं लिहिलं. कपलर म्हणजे वायरी जोडायचा तयार जोड. असं लिहून देणारी दुकानं मी फार थोडी पाहिली आहेत.

गाडी मी स्वतः जाऊन पाहिली. उजव्या हेडलाइटचा होल्डर वितळून बल्बाला चिकटला होता आणि आतला रिफ्लेक्टर पिवळट पडला होता. हा भाग सरळ होता. साठ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो, शंभर वॅटचा सव्वाआठच्या वर. वायरीत आणि सांध्यात होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ज्या होल्डरनं एकपट उष्णता सोसायची, त्याला पावणेतीन पट सोसावी लागली. एच४ प्रकारच्या बल्बाचं मानकच ६०/५५ वॅटचं आहे. तेव्हा लाइट असेंब्ली आणि होल्डर मिळून ७,४५० रुपयांचा खर्च कंपनीनं नाकारला तर तो बरोबरच नाकारला. गुरुजी म्हणाले, “सगळंच मागू की, बघू काय देतात.” मी म्हटलं, “गुरुजी, होल्डर सोडून दे. तो आपला.”

हे सोडणं मला महत्त्वाचं वाटतं. पुष्कळ लोक इथं हटून बसतात आणि समोरच्याला आयती पळवाट मिळते: एक मागणी खोटी ठरली की सगळ्या मागण्यांवर संशय घेता येतो. आम्ही पहिल्याच मेलमध्ये लिहून टाकलं की होल्डर आणि लाइटचा खर्च मालक करतील, त्याबद्दल वाद नाही. मग उरलं फक्त स्टिअरिंग.

हॅचबॅकमधलं इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग कसं चालतं ते थोडक्यात सांगायला हवं. स्टिअरिंगच्या दांड्यावर एक टॉर्क सेन्सर असतो. चालकाच्या हाताचा पीळ किती, हे तो मोजतो, आणि त्या प्रमाणात कंट्रोल युनिट मोटरला मदत करायला सांगतं. सेन्सरच्या सिग्नलवर भरवसा ठेवता येईना की युनिट मोटर बंद करतं, कारण चुकीच्या बाजूला मदत करण्यापेक्षा मदत न केलेली बरी. मग पिवळा दिवा लागतो आणि स्टिअरिंग जड होतं. या मोटरला करंट भरपूर लागतो, म्हणून तिचा पुरवठा बॅटरीकडून मोठ्या स्वतंत्र फ्यूजमधून येतो. हेडलाइटचे फ्यूज वेगळे, वायरी वेगळ्या. दोघांची गाठ पडते ती बॅटरीपाशी.

“पण सर, लोड वाढला ना सिस्टिमवर,” सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर म्हणाले. भला माणूस होता, त्याला वरून सांगितलेलं तो बोलत होता. मी कागदावर मांडून दाखवलं. दोन बल्बांचा मिळून जादा भार ८० वॅट, म्हणजे सहा-सात अँपिअर. याच गाडीच्या मागच्या काचेचा डिफॉगर याहून जास्त ओढतो, आणि तो कंपनीनंच बसवलेला आहे. डिफॉगर लावल्यावर स्टिअरिंग जातं का?

तो हसला. पण जॉब कार्डवरची ओळ तशीच राहिली.

मग आम्ही ग्राहकांना सहसा न सुचणारी एक गोष्ट मागितली: स्कॅनरचा प्रिंटआउट. गाडीला स्कॅनर लावला की कोणता फॉल्ट कोड, किती किलोमीटरवर, त्या क्षणी व्होल्टेज किती, यातलं बरंच काही निघतं. सर्व्हिस सेंटर ते पाहतं आणि स्क्रीन बंद करतं. मागितल्याशिवाय कागद मिळत नाही. आमच्या कागदावर कोड होता टॉर्क सेन्सरच्या सिग्नलमधल्या बिघाडाचा. पुरवठ्याचं व्होल्टेज कमी किंवा जास्त झाल्याचा एकही कोड नव्हता, ना स्टिअरिंगच्या युनिटमध्ये ना इंजिनच्या. फॉल्ट नोंदला गेला तेव्हा व्होल्टेज १४.१, म्हणजे चार्जिंग चालू असताना असावं तेवढंच. बल्बांनी वीजपुरवठा बिघडवला असता तर त्याची खूण कुठंतरी सापडली असती.

हे सगळं हातात असूनही कंपनीच्या कस्टमर केअरचं उत्तर आलं ते साचेबद्ध: ‘वाहनात अनधिकृत बदल केल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसारही बदल केलेल्या वस्तूची जबाबदारी नाही.’

या दुसऱ्या वाक्यानं गुरुजी घाबरले. कायद्याचं नाव आलं की माणूस घाबरतोच. मी कायदा काढून बसलो. तसं कलम खरंच आहे, ८७ वं. वस्तू चुकीच्या पद्धतीनं वापरली किंवा तिच्यात बदल केला तर विक्रेत्याविरुद्ध ‘उत्पादन दायित्वा’चा दावा चालत नाही असं ते म्हणतं. पण उत्पादन दायित्व म्हणजे वस्तूच्या दोषामुळे माणसाला किंवा दुसऱ्या मालमत्तेला झालेली इजा. त्याच कायद्यातल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द वस्तूचं नुकसान आणि वॉरंटीच्या अटी मोडल्यामुळे झालेलं नुकसान वगळलेलं आहे. म्हणजे स्टिअरिंग फिरलं नाही म्हणून गुरुजींचा हात मोडला असता तर ८७ व्या कलमाचा वाद झाला असता. स्टिअरिंगचा सेन्सर वॉरंटीत बदलून द्या म्हणताना त्याचा संबंधच येत नाही. आमची तक्रार होती सेवेतल्या त्रुटीची आणि सदोष भागाची. कलमाचा आकडा फेकला की ग्राहक गप्प बसतो, हा अनुभव कंपनीच्या मेल लिहिणाऱ्याला असणार.

उलट बाजूनंही लोक असेच फसतात. गुरुजींच्या एका सहकाऱ्यानं व्हिडिओ पाठवला होता: ‘बाहेरचा पार्ट लावला म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही, कायदा आहे!’ कायदा आहे, पण अमेरिकेचा, मॅग्नसन-मॉस नावाचा, १९७५ चा. आमचाच ब्रँडेड भाग वापरला तरच वॉरंटी, अशी अट घालायला तो उत्पादकाला मनाई करतो. भाग फुकट दिला किंवा नियामकाची खास परवानगी घेतली तरच अपवाद. विट्यात त्याचा काही उपयोग नाही. आपल्याकडे याच कामासाठी केलेला असा वेगळा कायदा नाही.

आपल्याकडे आहे तो भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा आदेश, आणि तो मात्र वाचण्यासारखा आहे. २०११ मध्ये एका ग्राहकानं तीन कार कंपन्यांविरुद्ध तक्रार केली होती की सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती त्या खुल्या बाजारात येऊच देत नाहीत. चौकशी वाढत गेली आणि शेवटी १४ कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड झाला. एकट्या टाटा मोटर्सचा वाटा १,३४६.४६ कोटी, मारुती सुझुकीचा ४७१.१४ कोटी. वर्तमानपत्रांत दंडाचे आकडे गाजले. गाडीमालकाच्या कामाचा भाग आदेशाच्या शेवटी, निर्देशांमध्ये आहे. तिथं आयोग म्हणतो की बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये. सुरक्षेसाठी लागेल ती काळजी घ्यावी, पण बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारावी, आणि तीही परिस्थितीवरून तसं स्पष्ट दिसत असेल तरच.

‘तेवढ्यापुरतीच’ या शब्दावर आमचं सगळं प्रकरण उभं होतं. मात्र या आदेशाचा आव आणून भांडायला जाऊ नये, हेही सांगतो. तो ठराविक कंपन्यांना उद्देशून आहे. त्यात बोलणं आहे ते दुरुस्तीबद्दल. आपण हौसेनं बसवलेल्या बल्बांना तो जशाच्या तसा लागू होतो असं कोणी म्हणेल तर मी मान हलवणार नाही. शिवाय अपिलं झाली. ९ डिसेंबर २०१६ रोजी अपील न्यायाधिकरणानं टोयोटा, फोर्ड आणि निसानच्या प्रकरणांत आयोगाचा निष्कर्ष कायम ठेवला, पण दंड एकूण उलाढालीऐवजी सुटे भाग आणि विक्रीनंतरच्या सेवेच्या उलाढालीवर मोजायला सांगितला. इतर काही कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. तेव्हा हा आदेश म्हणजे ग्राहकाच्या हातातला हुकमाचा एक्का नव्हे. नाकारायचंच असेल तर कारण आणि परिणाम जोडून दाखवा, हे म्हणायला मात्र तो भक्कम आधार आहे. विम्यातही हेच तत्त्व आम्ही रोज पाळतो: अपवादाच्या कलमाचा आसरा जो घेतो, तो अपवाद लागू होतो हे त्यानंच दाखवायचं.

म्हणून दुसरा मेल लहान आणि रुक्ष लिहिला. बाहेरून बसवलेल्या कोणत्या वस्तूमुळे टॉर्क सेन्सर बिघडला? कोणत्या मार्गानं? ती तपासणी कोणी, कधी, कशी केली? उत्तर लेखी द्या, सोबत वॉरंटी पुस्तिकेतल्या ज्या कलमाखाली नाकारताय त्याचा क्रमांक द्या. पुस्तिका आम्ही वाचलेली होतीच. तिच्यातलं वाक्य ‘बदलामुळे उद्भवलेले बिघाड वॉरंटीत येणार नाहीत’ असं होतं. ‘बदल केल्यास वॉरंटी रद्द होईल’ असं ती कुठंच म्हणत नव्हती. ‘रद्द’ हा शब्द सर्व्हिस सेंटरच्या पदरचा. हा फरक शब्दांचा कीस वाटेल, पण पुस्तिका कंपनीची, शब्द कंपनीचे.

तिसऱ्या दिवशी मेलला उत्तर आलं नाही, फोन आला. सर्व्हिस मॅनेजर. “सर, तुमचे जुने संबंध आहेत, गुडविलमध्ये पन्नास टक्के करून देतो. फक्त आज हो म्हणा.” गुरुजी हो म्हणायच्या बेतात होते. सत्तावीस हजार वाचत होते, आणि बिनगाडीचे तीन आठवडे झाले होते. रोज एसटीच्या वेळा पाहून शाळा गाठायची. मी म्हटलं, सहीचा कागद काय आहे तो आधी मागव. आला. त्यात लिहिलं होतं की कंपनीनं ही सवलत सद्भावनेनं दिली असून वाहनाची इलेक्ट्रिकल वॉरंटी संपुष्टात आल्याचं ग्राहकाला मान्य आहे.

म्हणजे अर्ध्या पैशाच्या बदल्यात पुढच्या नऊ महिन्यांतला स्टार्टर, अल्टरनेटर, एसी, सगळ्यांवर पाणी. गुडविल ही वाईट गोष्ट नाही. वॉरंटी संपून महिनाभर झालेल्या गाडीला कंपनीनं अर्धा खर्च दिला तर मी आभार मानून घ्या म्हणेन. पण जिथं हक्क आहे तिथं मेहेरबानी घेतली की हक्क नव्हताच अशी कबुली आपल्याच सहीनं होते. गुरुजींनी कागद परत केला. त्या रात्री वहिनी माझ्यावर नाराज होत्या, आणि त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही.

त्याच आठवड्यात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीकडे तक्रार पाठवून पाठपुरावा करते. पण तिच्यामुळे आमचं प्रकरण सर्व्हिस सेंटरच्या टेबलावरून कंपनीच्या टेबलावर गेलं. जिल्हा ग्राहक आयोगाचाही हिशोब करून ठेवला होता. राहत्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. फी गाडीच्या किमतीवर ठरते आणि ५ ते १० लाखांच्या टप्प्यात ती २०० रुपये आहे. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. कायद्यात निकालासाठी तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात किती लागतात ते तारखांना जाणाऱ्यांना विचारा.

अकरा दिवसांनी कंपनीचे विभागीय इंजिनिअर आले आणि गाडी सगळ्यांसमोर उघडली. या एका सकाळी जे झालं ते आधीच्या महिनाभराच्या पत्रव्यवहारात झालं नव्हतं. स्टिअरिंगखालचं प्लॅस्टिकचं आवरण तोपर्यंत कोणी काढलंच नव्हतं. सर्व्हिस सेंटरच्या फाइलमधले सगळे फोटो वितळलेल्या होल्डरचे. आवरण काढल्यावर दिसलं की स्क्रीनची जोडणी बटणांच्या कपलरवर आहे, वायर कुठंही सोललेली नाही आणि टॉर्क सेन्सरच्या कनेक्टरवरची कारखान्याची टेप जशीच्या तशी आहे. खरं सांगायचं तर मला धास्ती होती ती इथंच. बल्बांचं भूत केव्हाच उतरलं होतं, पण त्या दुकानानं कापून पिळलेली एक जरी वायर इथं निघाली असती तर मीच गुरुजींना पैसे भरायला सांगितलं असतं.

मी एक चाचणी सुचवली आणि इंजिनिअरनी ती लगेच मान्य केली. मूळ वॅटचे बल्ब आणि नवा होल्डर बसवला, स्क्रीन पूर्ण काढून टाकली, बॅटरी चार्ज केली, सगळे कोड पुसले आणि गाडी फिरवायला नेली. चौथ्या किलोमीटरवर, एका वळणाला, तोच दिवा आणि तोच कोड. “आधीच कायमचं डॅमेज झालं असेल तर?” त्यांनी विचारलं; प्रश्न रास्त होता. पण मग व्होल्टेजचा कोड हवा होता, किंवा त्याच पुरवठ्यावरचं दुसरं एखादं युनिट तरी बिघडायला हवं होतं. त्यांनी पुन्हा स्कॅनर लावला, सगळी युनिट एकेक करून पाहिली. काही बोलले नाहीत. वहीत लिहून घेतलं.

आठवड्यानं मेल आला: स्टिअरिंग कॉलम असेंब्ली वॉरंटीत मंजूर. मजुरीही त्यांचीच. चूक झाली असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. ‘विशेष बाब म्हणून’ असे शब्द होते. ते शब्द खोडायला लावावेत असं मला वाटत होतं, गुरुजींना गाडी हवी होती. गाडी घेतली. होल्डर आणि लाइटचे ७,४५० भरले. हेडलाइटला आता ६०/५५ चेच बल्ब आहेत आणि सूर्य मावळायच्या आत निघता यावं म्हणून गुरुजींनी शाळेतला जादा तास सकाळी घेतलाय.

एक गोष्ट अजून लोंबकळते आहे. कंपनीच्या संगणकात त्या गाडीच्या नावापुढं ‘मॉडिफाइड’ असा शेरा तसाच आहे. सप्टेंबरमध्ये वाढीव वॉरंटी घ्यायला गेले तेव्हा त्या शेऱ्यावर बोट ठेवून नकार मिळाला. वाढीव वॉरंटी हा वेगळा करार असतो, त्याच्या अटी अधिक कडक असतात आणि तो करायलाच हवा अशी सक्ती कंपनीवर नाही, हे मला मान्य आहे. आमचं म्हणणं इतकंच की ज्या कारणासाठी शेरा मारला ते कारण तुमच्याच इंजिनिअरनं तपासून सोडून दिलं, आणि स्क्रीन सोडली तर गाडीत आता बाहेरचं काही नाही. तेव्हा शेरा काढा किंवा का ठेवलाय ते लेखी कळवा. पत्र स्पीड पोस्टनं गेलंय. उत्तर नाही. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. नकार मिळाल्याच्या तारखेपासून मोजून गुरुजींनी शेवटची तारीख फाइलच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवली आहे. लाल शाईनं, अर्थात.